मळणी यंत्र, कडबा कुट्टी, पीटीओ शाफ्ट: पदर, गमछा, हात गुंतू नये म्हणून काय करायचं

खळ्यावर मशीन सुरू होताना कोणीतरी वडीलधारं माणूस "जरा सांभाळून रे भाऊ" म्हणतंच. म्हणावंही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. हिशेब करून बघा. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतो, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टची नळी तीन इंच जाडीची धरली तर तिचा घेर साधारण साडेनऊ इंच भरतो. पदराचं टोक तिला एकदा चिकटलं की सेकंदाला सात फूट कापड गुंडाळलं जातं. डोळ्यांनी बघितलं, डोक्याला कळलं आणि हात हलला, एवढ्याला चपळ माणसालाही पाऊण सेकंद लागतो. तोवर पाच फूट कापड आत गेलेलं असतं आणि त्यामागे माणूस. वीस वर्षं मशीनवर काढलेल्यालाही या हिशेबातून सूट नाही. इंजिन मंद ठेवलं तरी फार फरक पडत नाही, कारण निम्म्या वेगातही सेकंदाला साडेतीन फूट होतात.

म्हणून कामांचा क्रम ठरवून घ्या. आधी फिरणारा भाग झाकायचा. मग मशीन पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, हा नियम सगळ्यांना लावायचा. कपड्यांची काळजी त्यानंतर येते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मजूर बायांना पदर खोचायला सांगितला जातो आणि शाफ्ट उघडाच फिरत राहतो.

पीटीओ शाफ्टचं कव्हर

नवीन रोटाव्हेटर किंवा थ्रेशरसोबत शाफ्टवर प्लास्टिकची नळी येते. तिच्या दोन्ही टोकांना कुपीसारखे कोन असतात आणि बारीक साखळ्या असतात. पहिल्याच हंगामात क्रॉसला (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याला) ग्रीस मारताना मिस्त्री ती काढतो, बाजूला ठेवतो आणि ती परत बसत नाही. खान्देशात कुठल्याही गावात ट्रॅक्टर मोजत गेलात तर उघडे शाफ्ट किती आहेत ते तुम्हालाच दिसेल.

हे कव्हर शाफ्टबरोबर फिरायचं नसतं. आतल्या छोट्या बेअरिंगवर ते स्थिर राहतं आणि शाफ्ट त्याच्या पोटात फिरतो. साखळी त्यासाठीच असते. तिचं एक टोक कव्हरला आणि दुसरं ट्रॅक्टरच्या किंवा अवजाराच्या न हलणाऱ्या भागाला अडकवायचं. साखळी नसेल तर कव्हर घासून शाफ्टला धरतं आणि सोबत फिरायला लागतं. मग ते असून नसल्यासारखं. साखळीत थोडा ढील ठेवा, कारण अवजार उचललं की शाफ्टचा कल बदलतो. कव्हर उचलायला किंवा शाफ्ट टांगून ठेवायला साखळी वापरू नका, ती तुटते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा आणि कव्हर हाताने फिरवा. शाफ्ट न हलता ते सहज फिरलं पाहिजे. अडखळलं तर बेअरिंग सुकलेलं किंवा तुटलेलं आहे. ग्रीस मारून मोकळं होत नसेल तर बेअरिंग बदला. कोन फाटला असेल, नळीला तडा असेल, तर कव्हर नवीन घ्या. तड्याची धार कापड पकडायला पुरेशी असते. ही तपासणी वर्षातून दोनदा तरी व्हावी, एकदा मूग-उडीद खळ्यावर यायच्या आधी, पोळ्याच्या सुमारास, आणि दुसऱ्यांदा हरभरा, गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) काढणीला येण्याआधी.

शाफ्ट लांब पडतो म्हणून कापून घेतला जातो. कापायचाच असेल तर आतली नळी, बाहेरची नळी आणि कव्हरचे दोन्ही भाग सारख्याच मापाने कापा आणि कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करा. फक्त लोखंड कापलं आणि कव्हर तसंच ठेवलं, तर ते दोन्हीकडे अडतं, फुटतं आणि शेवटी काढून टाकलं जातं.

शाफ्ट पीटीओवर बसवताना जी पिन लागते, तिच्या जागी लांब बोल्ट ठोकायची सवय फार वाईट आहे. बाहेर आलेला अर्धा इंच बोल्ट नऊ फेऱ्यांच्या वेगाने आकड्यासारखा काम करतो. मूळ पिनच वापरा. शिअर बोल्ट (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच मापाचा घाला, जास्त लांब नको आणि जास्त कडक लोखंडाचाही नको.

बाजारात कव्हर मिळेपर्यंत गोणपाट किंवा जुनी ट्यूब शाफ्टला गुंडाळू नका. ते शाफ्टबरोबर फिरतं आणि उघड्या शाफ्टपेक्षा जास्त पकडतं. थ्रेशर एका जागी उभा असेल तर वेल्डरकडून पत्र्याचं उलटं पन्हाळं करून घ्या. जाड पत्रा, आठ-दहा इंच रुंद, दोन्ही बाजू शाफ्टच्या खाली चार इंच उतरलेल्या, आणि सगळं थ्रेशरच्या सांगाड्याला अँगलने घट्ट बांधलेलं. शाफ्टचा कुठलाही भाग वरून किंवा बाजूने हाताला लागता कामा नये. ट्रॅक्टरच्या पाठीमागे पीटीओवर जो पत्रा असतो तोही जागेवर असू द्या, आणि शाफ्ट काढला की पीटीओच्या दांड्यावर टोपी लावा.

चालू शाफ्ट कोणीही ओलांडायचा नाही. पोतं आणायला दहा पावलं जास्त पडली तरी थ्रेशरला वळसा घालूनच जायचं. ब्लोअरची टाकी भरताना हीच चूक होते. औषध ढवळत राहावं म्हणून पीटीओ चालू ठेवतात आणि पाणी ओतणारा नेमका शाफ्टजवळ उभा राहतो. केळीत किंवा पपईत फवारणीला जाणाऱ्यांनी टाकी भरताना पीटीओ बंद ठेवावा आणि झाकण लावल्यावर ढवळणं सुरू करावं.

पट्टे आणि पुल्या

पट्टा पुलीत शिरतो ती जागा सगळ्यात वाईट. तिथे बोट गेलं की बाकीचा हात मागोमाग जातो. झाकायला अँगलच्या चौकटीवर जाळी बसवा. जाळीचं छिद्र अर्ध्या इंचापेक्षा मोठं नसावं आणि ती पट्ट्यापासून किमान चार इंच लांब असावी, म्हणजे बोट आत गेलं तरी पट्ट्यापर्यंत पोचत नाही. चौकट बोल्टने कसा, तारेने बांधू नका. तार पहिल्याच दिवशी सोडली जाते.

चपट्या पट्ट्याचा जोड लोखंडी असेल तर त्याची टोकं ठोकून बसवा. पुलीची चावी बाहेर आलेली असेल तर कापून सपाट करा. बेअरिंगच्या बाहेर शाफ्टचं टोक उघडं राहिलं असेल तर त्यावर पाइपचा तुकडा बसवून तो सांगाड्याला बांधा, शाफ्टला नाही. गुळगुळीत शाफ्टही ओढणी गुंडाळतो, हे लक्षात असू द्या. पट्टा घसरला म्हणून चालू पट्ट्यावर हाताने राळ लावणारे अजून आहेत. पट्टा घसरतो तो ढिला झाल्यामुळे. मशीन बंद करून ताण द्या.

मळणी यंत्र

थ्रेशरच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ९०२०. त्याप्रमाणे माल टाकायचा ट्रे किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट लांब हवा आणि त्यातला ड्रमकडचा ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट भाग वरून झाकलेला हवा. यामागे साधं माप आहे, हात लांब केला तरी ड्रमला लागू नये. शिवाय धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा १९८३ हा मळणी यंत्रासारख्या यंत्रांसाठीच आहे. नवीन मशीन घेताना टेप नेऊन ट्रे मोजा. गावोगाव फिरणारा हडंबा (मोठा थ्रेशर) भाड्याने आणलात तरी मोजा. ट्रे आखूड असेल तर मशीनवाल्याला वेल्डरकडून तो वाढवून घ्यायला सांगा. एका दिवसाच्या मळणीच्या हिशेबात हा खर्च किरकोळ आहे.

ट्रेचं तोंड माल टाकणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला यावं. उंची कमी पडते म्हणून पोत्यांवर, भुसाच्या ढिगावर किंवा खाटेवर उभं राहून माल टाकतात. पोतं सरकलं की तोल पुढे जातो आणि आधाराला हात ट्रेमध्ये पडतो. फळ्यांचा पक्का, न हलणारा माचा करा, मागच्या बाजूला कठडा ठेवा, आणि जमीन ओली असेल तर माच्याखाली विटा घाला.

माल पातळ आणि सारखा टाका. कणसं किंवा घाटे पुढे, बुडखा हातात, आणि झाकलेल्या भागाच्या कडेला पेंडी पोचली की सोडून द्यायची. शेवटचा मुठभर माल हाताने ढकलायचा नाही, पुढच्या पेंडीने तो आपोआप जातो. ढकलायचंच असेल तर तीन फुटी लाकडी काठी ठेवा. लोखंडी सळई नको, ती ड्रममध्ये गेली तर उलटून येते.

मशीन चोक का होतं ते समजून घेतलं तर हात आत जायचं कारणच कमी होतं. सकाळच्या दवात हरभऱ्याची झाडं मऊ असतात. ती दातांना गुंडाळली जातात, तुटत नाहीत. ऊन चढू द्या. उडीद पावसात सापडला असेल तर एक दिवस पसरून वाळवा. पट्टा ढिला असेल तर ड्रमचा वेग पडतो आणि चोक होतं. चाळणी भुसाने भरली तरी होतं. पेंड्यांची सुतळी किंवा तार आत गेली की ती ड्रमच्या टोकाला गुंडाळते. तासाला दोनदा चोक होत असेल तर माणसाला हात घालायला लावू नका, मशीनमध्ये दोष शोधा.

दोन तासांनी माल टाकणारा माणूस बदला. धूळ, आवाज आणि तीच तीच हालचाल, यात डोळे उघडे असले तरी लक्ष उडतं. रात्री मळणी करायचीच असेल तर ट्रॅक्टरच्या एका दिव्यावर नको, त्याची सावली नेमकी ट्रेवर पडते. ट्रेच्या दोन्ही बाजूंनी उजेड हवा.

चोक काढायची पद्धत

हा क्रम मोडू नका. माल टाकणं थांबवा. पीटीओचा लिव्हर काढा. इंजिन बंद करा. किल्ली काढून जो माणूस हात घालणार आहे त्याच्याच खिशात द्या, ड्रायव्हरच्या नाही. मोटारीवर चालणारं मशीन असेल तर मेन स्विच पाडून फ्यूज काढा आणि तोही त्याच माणसाकडे द्या. मग थांबा. थ्रेशरचं चक्र जड असतं, बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं आणि धुळीत त्याची हालचाल दिसत नाही. चक्राच्या एका आऱ्याला पांढरा रंग लावून ठेवा, म्हणजे ते थांबलं की नाही हे लांबून कळतं. ते उभं राहिल्यावरच झाकण उघडायचं आणि आकड्याने माल ओढायचा. ड्रम हाताने फिरवायची वेळ आली तर दुसऱ्याने पुलीला हात लावायचा नाही. झाकण बसवून बोल्ट कसल्यावरच किल्ली ड्रायव्हरला परत द्यायची.

"इंजिन बंद केलं तर वेळ जातो" असं ऐकू येईल. त्याला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढी द्या.

कडबा कुट्टी आणि लाइटीचा खेळ

गोठ्यातल्या कुट्टीचा धोका वेगळा आहे, कारण ती घरातलीच वाटते. दादरचा कडबा लांब आणि ताठ असतो, रोलरने त्याचं टोक पकडलं की तो एका लयीत आत जातो आणि हात त्याच्याबरोबर पुढे सरकतो. धोका पात्यांपेक्षा रोलरचा जास्त. रोलर ओढतो, पातं फक्त कापतं. बांगडी कडब्याच्या पानात अडकली तरी एवढं पुरतं. रोलरच्या तोंडावर पत्र्याची टोपी हवी आणि ट्रे इतका लांब हवा की टोकाशी उभं राहून हात रोलरपर्यंत पोचू नये. आखूड झालेला चारा पुढच्या पेंडीने किंवा लाकडी काठीने ढकला. पात्यांच्या चक्रावर आणि गिअरवर झाकण हवंच. लहान मुलांची बोटं जातात ती याच गिअरमध्ये.

आता लाइटीचं. कुट्टी चालू असताना लाइट जाते. माणूस म्हणतो, तोवर अडकलेला चारा काढून घेऊ. स्विच चालूच राहिलेला असतो. लाइट येते, मोटार उठते आणि हात रोलरवर असतो. विहिरीच्या मोटारीला लाइट आल्यावर आपोआप सुरू करणारा "ऑटो" लावतात ते रात्रीच्या पाळीला उपयोगी आहे, पण त्याच लाइनवर कुट्टी जोडली असेल तर हा सापळा आहे. कुट्टीला ऑटो कधीही लावू नका. तिला असा स्टार्टर घ्या जो लाइट गेल्यावर स्वतः सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही. इलेक्ट्रिशियनला "नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर" म्हणा, तो ओळखतो. बंद करायचं लाल बटण माल टाकणाऱ्याच्या डाव्या हाताला, जागेवरून न हलता लागेल असं बसवा. आणि स्टार्टर कुठलाही असो, लाइट गेली की आधी स्विच पाडायचा, मग मशीनकडे वळायचं.

हाताने फिरवायची कुट्टी असेल तर काम झाल्यावर चक्रातून साखळी घालून कुलूप लावा. मुलं चक्र फिरवून खेळतात, एक फिरवतो आणि दुसरा बोट घालतो.

पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) चुरा करणारा श्रेडर किंवा केळीचं खोड फाडणारं यंत्र हेही कुट्टीच्याच जातीचं. पऱ्हाटीच्या आडव्या फांद्या बाहीत, खिशात अडकतात आणि रोलर त्या फांदीसकट ओढतो. बुडखा आधी घाला, बाजूला उभे राहा, समोर नाही, आणि रोलरने धरताक्षणी सोडा.

रोटाव्हेटरमध्ये ठिबकची नळी

जुनी बाग मोडताना किंवा कपाशीनंतर रान तयार करताना ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद आणि दोऱ्या जमिनीत राहून जातात. त्या रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळल्या जातात. मग ड्रायव्हर अवजार उचलतो, कोणीतरी खाली वाकतं आणि विळ्याने कापायला लागतं, इंजिन चालूच. इथे दोन धोके एकत्र येतात, पीटीओ अर्धवट धरलेला असू शकतो आणि हायड्रॉलिक कधीही खाली बसू शकतं. पीटीओ काढा, इंजिन बंद करा, किल्ली घ्या, आणि उचललेल्या अवजाराखाली लाकडी ओंडके किंवा पक्के स्टँड दिल्याशिवाय वाकू नका. ताणलेली नळी कापताना ती उसळून तोंडावर येते, तोंड बाजूला ठेवा. त्याहून बरं म्हणजे रोटाव्हेटर घालण्याआधी एक माणूस सऱ्यांमधून फिरवून नळ्या गोळा करून घ्या. रोटाव्हेटरवर वजन म्हणून कोणालाही उभं करायचं नाही, मडगार्डवर मुलं बसवायची नाहीत.

अंगावर काय असावं

गमछा गळ्यात नको. बाही अडकली तर हात जातो, गमछ्यात गळा जातो. डोक्याला बांधायचा असेल तर टोकं आत खोचलेली हवीत. थंडीत मफलर आणि शाल मशीनजवळ काढून ठेवा. लुंगी आणि धोतर मशीनवर नकोच.

बायांनी कापूस वेचताना घालतात तसा पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर घातला, पदर शर्टच्या आत ठेवून वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, बाह्यांचीही, की पदराचा प्रश्न बराच सुटतो. पण बाही ढगळ नको आणि कापसाची ओटी कमरेला नको. वेणी मोकळी सोडू नका, आंबाडा बांधून त्यावर टोपी किंवा घट्ट रुमाल. धुळीसाठी तोंडाला ओढणी गुंडाळण्यापेक्षा मास्क द्या. तो मालकाने आणून द्यावा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, काचेच्या बांगड्या काढून ठेवायला जागा आणि डबी द्या. पुरुषांचं कडं, घड्याळ, मनगटातला धागा आणि इअरफोनची वायर हेही तितकंच वाईट.

हातमोज्यांबद्दल गैरसमज आहे. फिरत्या भागाजवळ हातमोजे घालू नयेत. बोटाला ओरखडा गेला असता तिथे मोजा अख्खा हात ओढून नेतो. मोजे फक्त बंद मशीनच्या पात्यांना हात लावताना.

काम सुरू होण्याआधी खळ्यावरच्या प्रत्येकाला मशीन बंद करून दाखवायला लावा, फक्त ड्रायव्हरला नाही. पीटीओचा लिव्हर कुठे, इंजिन बंद करायचा ओढायचा नॉब कुठे, मेन स्विच कुठे, हे पोती धरणाऱ्या मावशीलाही माहीत हवं. अपघात झाला तेव्हा ड्रायव्हर पाणी प्यायला गेलेला असू शकतो.

गुंतलंच तर

आधी मशीन बंद. माणसाला ओढायचं नाही आणि मशीन उलटं फिरवायचं नाही, दोन्हींनी जखम वाढते. गळ्याभोवती कापड असेल तर ते सगळ्यात आधी विळ्याने कापा. हात आत असेल तर पाने घेऊन रोलरचे किंवा ड्रमचे बोल्ट खोला, तोवर माणसाचं वजन धरून ठेवा. एकाने तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा आणि गाव, शिवार, रस्त्यावरची खूण सांगायची. दुसऱ्याने रस्त्यावर जाऊन उभं राहायचं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. दाबूनही धार थांबत नसेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांध्यावर नाही, दोन इंच रुंद कापडाची पट्टी काठीने पीळ देऊन आवळा. सुतळी किंवा तार नको. आवळल्याची वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यात जाईपर्यंत सोडू नका. हळद, चुना, तंबाखू काहीही जखमेत भरू नका.

तुटलेलं बोट, हात किंवा केसांसह निघालेली डोक्याची कातडी टाकून देऊ नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. अवयवाला बर्फ थेट लागू देऊ नका, थेट पाण्यातही बुडवू नका. मनगटाच्या वरचा भाग तुटला असेल तर तो साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रियेला पोचायला हवा. म्हणून निघायच्या आधी फोनवर विचारा की तिथे प्लास्टिक सर्जन आहे का. दोन दवाखाने फिरण्यात हेच तास जातात.

पैशांचं आधीच बघून ठेवा. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख आणि एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात, वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. घरात सातबारा नसलेल्या सालदाराला आणि रोजाने येणाऱ्या मजुराला ही योजना लागू होत नाही, आणि मशीनच्या तोंडाशी बहुधा तेच उभे असतात. त्यांच्यासाठी बँकेतला प्रधानमंत्री सुरक्षा बीमा आहे, १८ ते ७० वयासाठी, वर्षाला २० रुपये. सालदाराचा हप्ता मालकानेच भरावा आणि जूनमध्ये त्याच्या पासबुकात तो कापला गेला की नाही हे एकदा बघावं.